लाकडी की स्टील? रोलर कोस्टरचे पाय जमिनीत कसे उभे राहतात

ओळंबा (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर प्रश्न आला होता की लाकडी रोलर कोस्टरखाली एवढं खांबांचं जंगल का लागतं, आणि त्याच्या दुप्पट उंच स्टीलचा कोस्टर मोजक्या खांबांवर कसा उभा राहतो. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा प्रश्न नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये काम करतो. रोजचं काम इंडस्ट्रियल शेड आणि कन्व्हेयर गॅलरीचं, पण कोस्टरचे सांगाडे हा कॉलेजपासूनचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी एक गोष्ट. कोस्टर लाकडी की स्टीलचा, हे वरच्या रुळावरून ठरतं, खालच्या सांगाड्यावरून नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा 'सायक्लोन' १९२७ पासून उभा आहे आणि लाकडी कोस्टरांमधला मानाचा गणला जातो. त्याचा सांगाडा मात्र पोलादी आहे. ओहायोच्या सीडर पॉइंट पार्कमधला १९७८ चा 'जेमिनाय' नेमका उलटा: रूळ स्टीलच्या नळीचा, खाली लाकडी सांगाडा. इंडियानातला 'व्हॉयेज' (२००६) पुन्हा लाकडी रूळ आणि स्टीलचे आधार. त्यामुळे पायाबद्दल बोलायचं तर रूळ आणि सांगाडा वेगवेगळे धरावे लागतात.

लाकडी रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि चाक जिथे टेकतं तिथे पोलादी पट्टी. हा रूळ लवचिक असतो, लांबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) पेलत नाही. म्हणून दर दोन-तीन मीटरवर त्याच्याखाली एक आडवी चौकट लागते: उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि तिरप्या कैच्या. अशा शेकडो चौकटी एकामागे एक, आणि त्या एकमेकींना लांबीच्या दिशेनेही बांधलेल्या. प्रत्येक खांबाखाली छोटा काँक्रीटचा ठोकळा. एका ठोकळ्यावर येणारा भार माफक असतो, कारण गाडीचं वजन रुळातून आणि आडव्या पट्ट्यांतून शेजारच्या चार-सहा चौकटींत वाटलं जातं.

स्टीलच्या नळीचा रूळ १९५९ साली डिझ्नीलँडच्या 'मॅटरहॉर्न'वर पहिल्यांदा आला. हा रूळ स्वतःच एक तुळई आहे. मागून आलेल्या डिझाइनांत दोन नळ्यांच्या मधोमध जाड पेटीसारखा कणा असतो, तो दहा मीटर किंवा त्याहून मोठा गाळा सहज ओलांडतो. खांब कमी झाले. पण भार कुठे गेला? कुठेच नाही, तो तेवढाच आहे. शंभर ठोकळ्यांत वाटला जायचा तो आता पंधरा-वीस पायांत उतरतो. स्टीलच्या कोस्टरखालची मोकळी जागा दिसते, पण त्या मोकळेपणाची किंमत जमिनीखाली मोजलेली असते.

एक साधं गणित करूया. आकडे माझे, समजण्यापुरते. ३० मीटर उंचीवर वळणात गाडी खांबाच्या माथ्याला ५ टनांनी आडवं ढकलते असं धरा. पायथ्याशी मोमेंट (खांब उलथवू बघणारा परिणाम, जोर गुणिले उंची) आला १५० टन-मीटर. हा एकट्या सरळ खांबाने घ्यायचा तर पाया अवाढव्य होईल. म्हणून वळणावर दोन पाय फाकवून उभे करतात. दोघांत १० मीटर अंतर ठेवलं की एका पायावर १५ टन दाब आणि दुसऱ्यावर १५ टन उपसणारी ओढ. सगळी मेख या ओढीत आहे. पायाचं काम खांब खचू न देण्याचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, इथे खांब उपटू न देण्याचंही काम आहे. दीडपट सुरक्षितता धरली तर साडेबावीस टन खाली ओढून धरणारं वजन हवं. काँक्रीट घनमीटरला साधारण २.४ टन. म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ घनमीटर, अडीच बाय अडीच मीटरचा आणि दीड मीटर खोल ठोकळा. वरून बघणाऱ्याला दिसते फक्त खांबाच्या तळाची पोलादी बेस प्लेट आणि नट.

ओढीचं आणखी एक कारण म्हणजे गाडीने रूळ वर खेचणं, आणि ते कोस्टरमध्ये पूर्वीपासून होतंच असं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाचा 'लीप द डिप्स' १९०२ चा. त्याच्या गाडीला रुळाखालून पकडणारी चाकंच नाहीत. गाडी फक्त रुळावर बसते, वर ओढू शकत नाही. जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये रुळाखालच्या चाकांचं पेटंट घेतलं, आणि मग टेकडीच्या माथ्यावर गाडी रुळाला वर खेचू लागली. तीव्र उतार, प्रवाशाला सीटवरून उचलणारे माथे, हे सगळं त्यानंतरचं. सांगाड्याच्या प्रत्येक सांध्याला आणि पायाला तेव्हापासून दोन्ही दिशांचा विचार करावा लागतो.

ज्यांनी असे सांगाडे जवळून पाहिलेत किंवा पायाची कामं केलीत त्यांनी जरूर लिहा.

---

शमिका_डोंबिवली

छान धागा. वाचनखूण साठवली. एक शंका: लाकडी सांगाडा एवढा पसरट असतो, मग तो उपटला जाण्याची भीती नसेलच ना? वजन वाटलेलं, पाय भरपूर.

---

ओळंबा

शमिकाताई, भीती असते, आणि तिथे खलनायक गाडी नसून बरेचदा वारा असतो. हजारो फळ्या आणि खांब, प्रत्येकावर वारा आपटतो. लाकूड हलकं. पावसाळी वादळात गाडी स्टेशनात बंद आणि सांगाडा रिकामा, तेव्हा वाऱ्याच्या बाजूचे खांब उचलले जायला बघतात. म्हणून खांब ठोकळ्यावर नुसता ठेवून चालत नाही. पोलादी पट्ट्या किंवा अँगल काँक्रीटमध्ये गाडून त्यांना खांब बोल्टने जखडतात.

---

सँडस्कीकर

मी सीडर पॉइंटपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. पोरं मोठी होईपर्यंत सीझन पास असायचाच, त्यामुळे या सांगाड्यांखालून भरपूर हिंडलोय.

ओळंबा यांनी जे लिहिलंय ते 'जेमिनाय' आणि 'मिलेनियम फोर्स' एकाच दिवशी बघितले की डोळ्यांना दिसतं. जेमिनाय १२५ फूट, मिलेनियम फोर्स ३१० फूट (२०००). पहिल्याखाली नजर पलीकडे जात नाही, एवढे खांब आणि कैच्या. दुसऱ्याखाली हिरवळ, पायवाटा, आणि मध्येच नळीचा जाडजूड पाय काँक्रीटमधून वर आलेला.

लाकडी सांगाड्याजवळ गेलात तर खांबाच्या तळाकडे बघा. तिथे लाकूड काँक्रीटला टेकतं की बोटभर वर लोखंडी बुटात बसवलंय, हे मी नेहमी बघतो. जिथे टेकलेलं असतं तिथे लाकूड काळं पडलेलं असतं. काही खांबांचा खालचा दोन-तीन फुटांचा तुकडा नव्या रंगाचा दिसतो. म्हणजे कुजलेला भाग कापून नवा जोडलाय, वरचा खांब तसाच.

आमच्याकडे दुसरं एक संकट आहे, ते तिकडे नसतं. हिवाळ्यात जमीन गोठते. मातीतलं पाणी बर्फ होताना फुगतं आणि वरच्या वस्तूला उचलतं. ओहायोच्या या भागात पाया साधारण ३ फुटांपेक्षा खोल न्यावाच लागतो, साध्या घराच्या डेकचा असला तरी. स्टीलच्या कोस्टरचे पाय तसेही खोल जातात. लाकडीचे शेकडो छोटे ठोकळे मात्र केवळ या थंडीसाठी खोल न्यावे लागतात, भार कमी असला तरी. एक ठोकळा अर्धा इंच उचलला गेला की वरचा रूळ तिथे उंचावणार आणि गाडी आदळणार. वसंत ऋतूत पार्क उघडण्याआधी रुळाची पातळी तपासून पाचरी घालायचं काम त्यामुळेच मोठं असतं.

---

वखारवाला

आमची तीन पिढ्यांची लाकडाची वखार. कोस्टर माझा विषय नाही, पण लाकडावर बोलायला हरकत नसावी.

अमेरिकेतले बहुतेक कोस्टर सदर्न यलो पाइनचे किंवा डग्लस फरचे असतात. पाइन आपल्याकडे खोक्यांसाठी येतं म्हणून लोक त्याला कमी लेखतात. सदर्न यलो पाइन वेगळं आहे, घट्ट, जड, आणि औषध त्यात खोलवर मुरतं. दाबाखाली औषध भरलेलं लाकूड वाळवीला आणि बुरशीला बरीच वर्षं दाद देत नाही. सागाला नैसर्गिक तेल असतं, पण एवढ्या घनफुटांचा हिशोब सागात कुणाला झेपणार?

सँडस्कीकरांनी खांबाच्या तळाचं लिहिलं ते अगदी खरं. लाकूड पाणी पितं ते कापलेल्या टोकाकडून. उभ्या अंगाने जेवढं मुरतं त्याच्या कितीतरी पट टोकाने. खांब उभा केला की टोक बरोबर खाली, ओलीत. त्यामुळे साइटवर कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावायलाच हवं, कारखान्यात भरलेलं औषध करवतीने उघडं पडलेल्या गाभ्यापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही.

दुसरं, लाकूड लांबीत फारसं हलत नाही, जाडीत हलतं. उन्हाळ्यात आकसतं, पावसात फुगतं. मार्चमध्ये कचकून आवळलेला बोल्ट मेच्या शेवटी हाताने फिरतो. म्हणून लाकडी कोस्टर म्हटला की पान्हा घेऊन फिरणारी माणसं कायमची आली. हातोडीने खांबाला टकटक केलं की सुतार कानाने सांगतो आत पोकळ झालंय का. तो आवाज ओळखायला मला वडिलांनी शिकवला. कोरडं निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं.

---

निवृत्त_उपअभियंता

नमस्कार. पाटबंधाऱ्याच्या कामांवर आयुष्य गेलं. चर्चा उत्तम आहे, पण सगळे ठोकळ्याच्या आकारावर बोलताहेत, ठोकळ्याखालच्या जमिनीवर कुणी बोलत नाही. मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला 'नायट्रो' २०१३ चा, स्टीलचा, पाच वेळा उलटा करणारा. तो सगळा पट्टा बेसॉल्टचा. मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, आणि अशा खडकात उपसणाऱ्या ओढीसाठी अवाढव्य ठोकळा हा एकच उपाय राहत नाही. खडकात भोक पाडून सळ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) पक्क्या करता येतात, म्हणजे वजन काँक्रीटचं नाही, डोंगराचं वापरायचं.

आता तोच कोस्टर मराठवाड्यात काळ्या मातीत कल्पून बघा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जड पायाला ती फारशी हलवू शकत नाही, हलक्या पायाला सहज उचलते. लाकडी कोस्टरचा पाया तर शेकडो हलक्या ठोकळ्यांचा! एक ठोकळा ओलीत, दुसरा कोरड्यात, प्रत्येक वेगळा उचलला जाणार. अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) पुढे आणले. खाली फुगवटा असलेला पाइल हलत्या थराच्या खाली पकड घेतो, दाबही घेतो आणि ओढही. पण प्रत्येक खांबाखाली असा पाइल घातला तर लाकडी कोस्टरच्या स्वस्त पायाचा मुद्दाच उरत नाही.

जमीनच गेली तर काय होतं, याचं उदाहरण ऑक्टोबर २०१२ चं. सँडी वादळात न्यू जर्सीच्या सीसाइड हाइट्समध्ये कॅसिनो पिअर हा समुद्रात बांधलेला धक्का कोसळला आणि त्यावरचा 'स्टार जेट' हा स्टीलचा कोस्टर समुद्रात गेला. फोटो नीट बघा. कोस्टरचा सांगाडा बऱ्याच अंशी आकार टिकवून लाटांत उभा आहे, आणि मे २०१३ मध्ये पाडेपर्यंत तसाच होता. रूळ, खांब, वेल्डिंग यांनी आपलं काम केलं, त्यांच्या खालचा धक्का वाहून गेला. किनाऱ्यावर, नदीकाठी पायाचं डिझाइन करताना लाटेने तळाची वाळू किती खोल खरवडली जाईल हा पहिला प्रश्न असायला हवा. आम्ही बंधाऱ्यांवर तेच करायचो.

---

सँडस्कीकर

काका, सीडर पॉइंट स्वतःच ईरी सरोवरात घुसलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर आहे. तुमचा प्रतिसाद वाचून पुढच्या वेळी त्या पायांकडे वेगळ्या नजरेने बघणार.

---

शमिका_डोंबिवली

मग त्या अमेरिकेतल्या तडा गेलेल्या खांबाचं काय? तो व्हिडिओ बघून माझ्या मुलाने इमॅजिकाला जायलाच नकार दिला होता. गाडी जाते आणि खांब चक्क वेगळा होतो.

---

ओळंबा

तो कॅरोविंड्स पार्कचा 'फ्युरी ३२५', उंची ३२५ फूट. ३० जून २०२३ ला एका पाहुण्याने व्हिडिओ काढला. खांब वरच्या बाजूला पूर्ण चिरलेला, आणि गाडी वळणातून गेली की दोन भागांत उजेड दिसतो. पार्कने कोस्टर बंद केला, खांब बदलला, तपासण्या झाल्या आणि १० ऑगस्टला तो पुन्हा सुरू झाला.

मुलाला दोन्ही बाजू सांगा, कारण दोन्ही खऱ्या आहेत. एक: खांब तुटूनही रूळ पडला नाही, गाडी घसरली नाही, कुणाला इजा झाली नाही. पेटीसारखा रूळ सलग असल्यामुळे शेजारच्या खांबांनी तो भार घेतला. दोन: तरीही हे भयंकर होतं. स्टीलमधली चीर दर फेरीला थोडी थोडी वाढते. गाडी आली दाब, गाडी गेली ओढ, दिवसाला शेकडो वेळा. खांब थोडे असतात तेव्हा एकेकाचं मोल जास्त. अशी चीर पार्कच्या तपासणीत सापडायला हवी, पाहुण्याच्या मोबाइलमध्ये नाही. यावर मी ठाम आहे.

लाकडात याउलट घडतं. एखादी फळी तडकली तर शेजारच्या दहा फळ्या सावरून घेतात, म्हणून लोक समजतात लाकूड सुरक्षितच. ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्कचा 'सन ऑफ बीस्ट' हा लाकडी कोस्टर आठवा. २००० साली उघडलेला, २१८ फूट, लाकडाच्या मानाने फारच उंच. ९ जुलै २००६ ला सांगाड्यातलं एक लाकूड तडकलं, रूळ तिथे खाली बसला आणि गाडी त्या खड्ड्यातून गेली. कोसळलं काहीच नाही, तरी २७ जण जखमी झाले. २००९ मध्ये तो कायमचा बंद पडला, २०१२ मध्ये पाडला. सांगाडा उभा राहणं पुरेसं नसतं, रुळाची रेषा जागेवर राहावी लागते. उंची आणि वेग वाढले की लाकडाचं थोडं बसणं, थोडं हलणं गाडीला सहन होत नाही.

म्हणून माझं मत असं आहे की शंभर-सव्वाशे फुटांपर्यंत लाकडी सांगाडा आजही उत्तम, दुरुस्तीला सोपा, आणि बसायला जिवंत. त्याच्या वर स्टीललाच खांब करू द्यावेत.

---

नागोयाहून

जपानची भर घालतो. नागाशिमा स्पा लँडमध्ये 'स्टील ड्रॅगन २०००' आहे. उंची ९७ मीटर, लांबी २,४७९ मीटर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की स्टीलचा कोस्टर असून एवढे खांब, एवढ्या कैच्या का? कारण भूकंप. इथे गाडीच्या ओढीइतकाच जमिनीच्या हिसक्याचा विचार करावा लागतो, त्यामुळे त्यात स्टील नेहमीपेक्षा खूप जास्त आहे. मोजक्या बारीक खांबांवर उभा असलेला युरोपातला कोस्टर उचलून इथे आणता येणार नाही.

त्याच पार्कमध्ये १९९४ चा 'व्हाइट सायक्लोन' हा मोठा लाकडी कोस्टर होता. तो २०१८ ला बंद करून अमेरिकेतल्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनने त्याच्या सांगाड्यावर स्टीलचा रूळ बसवला, आणि २०१९ मध्ये तो 'हाकुगेई' म्हणून उघडला. सीडर पॉइंटचा 'मीन स्ट्रीक' २०१८ मध्ये 'स्टील व्हेन्जन्स' झाला तो असाच.

ओळंबा, एक विचारायचं होतं. जुना सांगाडा आणि जुना पाया ठेवून वर वेगळ्या रुळाचा, उलटं फिरवणारा कोस्टर चालवतात. पायाला ते झेपतं कसं?

---

ओळंबा

नवी रेषा जिथे जुन्या रेषेच्या जवळून जाते तिथेच जुन्या चौकटी कामाला येतात. जिथे नवीन वळण, नवीन उलटा फेरा येतो, तिथे गणित पुन्हा मांडून चौकटी बदलाव्या किंवा वाढवाव्या लागतात आणि गरजेप्रमाणे नवे ठोकळे ओतावे लागतात. फायदा एवढाच की लाकडी कोस्टरला ठोकळे मुळातच शेकड्यांनी असतात, त्यामुळे भार वाटायला जागा मिळते. मोजक्या पायांच्या स्टील कोस्टरवर असं करायला गेलात तर जुना पाया नेमका हवा तिथे असण्याची शक्यता फार कमी.

---

वखारवाला

आणि लाकडी सांगाडा उचलून दुसरीकडे नेता येतो का?

---

सँडस्कीकर

नेलाय की! टेक्सासच्या सॅन अँटोनिओमधल्या प्लेलँड पार्कचा 'रॉकेट'. पार्क १९८० ला बंद पडलं. पेनसिल्व्हेनियाच्या कनोबेल्स पार्कने तो खोलला, लाकडांना क्रमांक दिले, ट्रकांवर घालून आणला आणि १९८५ मध्ये 'फिनिक्स' नावाने उभा केला. आजही त्याच्यासाठी लोक राज्याबाहेरून येतात. पाया अर्थातच नवा घालावा लागला. तो कुणी उचलून नेऊ शकत नाही.

---

अभि_सिव्हिल_तिसरं_वर्ष

सर, स्टील कोस्टरचा रूळ कारखान्यात वाकवून येतो. म्हणजे साइटवर काही मिलिमीटरचाही फरक चालत नसणार. पण काँक्रीटचं काम एवढं अचूक होतच नाही. मग अँकर बोल्ट (खांब जखडायला काँक्रीटमध्ये गाडलेले) जुळतात कसे? आमच्या साइट व्हिजिटला साध्या शेडचे बोल्ट जुळत नव्हते, भोकं मोठी करत होते.

---

ओळंबा

अभि, प्रश्न आवडला. बोल्ट सुटे सोडून काँक्रीट ओतायचं नाही. जाड पत्र्याचा टेम्प्लेट करायचा, त्यात बेस प्लेटसारखीच भोकं, सगळे बोल्ट त्यात वर-खाली नट लावून एकत्र बांधायचे आणि हा अख्खा पिंजरा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) जागेवर आणून सळ्यांना पक्का करायचा. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर लागला की पिंजरा सरकतो, म्हणून ओतून झाल्यावर, ते ओलं असतानाच पुन्हा मोजायचं. दुसऱ्या दिवशी मोजून उपयोग नसतो.

उंचीचं वेगळं. ठोकळ्याचा माथा मुद्दाम तीन-चार सेंटीमीटर खाली ठेवतात. बेस प्लेट काँक्रीटवर टेकत नाही, तिच्याखाली प्रत्येक बोल्टवर एक नट असतो, आणि ते नट फिरवून खांब उंचीला आणि ओळंब्याला आणतात. वरचे नट आवळले, रूळ जोडला, पुन्हा मोजलं, की मग प्लेटखालच्या फटीत न आकसणारा ग्राउट एका बाजूने ओततात. दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत ओतत राहायचं, म्हणजे आत हवा अडकत नाही. फट भरली नाही तर सगळा भार त्या चार-आठ नटांवर राहतो, आणि प्रत्येक फेरीला बोल्ट वाकत-सरळ होत राहतो.

बोल्ट जुळत नाहीत म्हणून बेस प्लेटची भोकं गॅसने मोठी करणं शेडमध्येही चूकच आहे. कोस्टरमध्ये तर ते कुणी करू देणार नाही. तुमच्या साइटवर टेम्प्लेट वापरला होता का, तेवढं विचारून इथे लिही.